बिघडलं तर बिघडू द्या!

दीड तास झाला तरी पट्टी पुढे सरकेना. करडीतल्या आमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही नऊ जणी एका जुन्या लॅपटॉपभोवती बसलो होतो. पडद्यावर एक आडवी पट्टी, अर्ध्याच्या थोडी पुढे गेलेली, आणि तिथंच रुतून बसलेली. धानाची कापणी-मळणी आटोपलेली होती, म्हणून बायांना दुपारचा वेळ काढता आला होता. तो वेळ असा पट्टीकडे बघण्यात चालला होता.

"मास्तरांच्या पोराले बोलवा नं," तिघी एकदम म्हणाल्या.

मास्तरांचा पोरगा चांगला आहे. त्याला बोलावलं असतं तर तो आला असता, दोन बटणं दाबून त्यानं काहीतरी केलं असतं, आणि आम्ही त्याला चहा पाजून धन्यवाद दिले असते. पुन्हा अडलं की पुन्हा तोच. त्या दिवशी आम्ही त्याला बोलावलं नाही. का बोलावलं नाही आणि त्यातून काय झालं, हे जरा सविस्तर सांगायचं आहे. कारण आपल्या बहुतेक गटांत आज एखादा तरी लॅपटॉप आहे, आणि त्याच्या किल्ल्या कुणाच्या हातात आहेत याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आधी तो लॅपटॉप काय आहे ते सांगते. नागपूरच्या एका मैत्रिणीनं स्वतः वापरून आम्हाला दिलेला. वय दहा वर्षांच्या पुढे. करडी, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं गाव. आजूबाजूच्या गावांतून ज्या बाया आमच्या सल्ला केंद्रात येतात, त्यांची टिपणं, अर्जांच्या प्रती, जखमांचे फोटो, तारखा, सगळं या लॅपटॉपात. यंत्र सावकाश चालायचं, पण चालायचं. मग विंडोज १० ची सुरक्षेची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वेगळी नोंदणी करणाऱ्यांना आणखी वर्षभर ती मिळते, पण वर्षानंतर प्रश्न तोच. पुढची आवृत्ती, विंडोज ११, ठराविक सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर असल्याशिवाय बसत नाही. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आणि तरी बाद! नवीन घ्यायचा तर तीस-चाळीस हजार रुपये. आमच्या वर्षभराच्या प्रवासखर्चाला तेवढे लागत नाहीत.

दुसरा रस्ता होता तो फुकटातल्या प्रणालीचा. जगभरच्या स्वयंसेवकांनी १९९३ पासून बनवत आणलेली डेबियन नावाची प्रणाली आहे. ती उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, दहा जणींना वाटली तरी चोरी होत नाही, आणि बसवताना भाषांच्या यादीतून मराठी निवडता येते. आम्ही ती घ्यायची ठरवलं.

आता कुणी म्हणेल, ठरवलंत ना, मग दुकानात टाकायचा आणि बसवून आणायचा. इथंच खरी अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी हाच लॅपटॉप आम्ही एका दुकानात दुरुस्तीला दिला होता. आठ दिवस तो तिथं होता. परत आल्यावर पंधरवड्यात एका प्रकरणातली गोष्ट सासरच्या मंडळींना कळली. त्या बाईनं ती आमच्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती, आणि आम्ही ती फक्त लिहून ठेवली होती. दुकानातूनच फुटली हे आम्हाला सिद्ध करता आलेलं नाही, म्हणून कुणावर आरोप करत नाही. पण ती बाई पुन्हा केंद्रात आली नाही. तिच्या डोळ्यांत आम्हीच तिला विकलं होतं. आणि विचार करा, आमच्याकडे लोखंडी कपाट आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली दोघींकडेच असते. त्याच कपाटातले कागद लॅपटॉपात गेल्यावर मात्र ते अख्खं कपाट आम्ही अनोळखी माणसाच्या टेबलावर उघडं ठेवून आलो!

कायद्याची भाषा आपण सगळ्यांना शिकवतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. मुलांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा तेच सांगतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. हे सगळं आपण शिबिरांत फळ्यावर लिहितो. आणि लॅपटॉप दुकानात टाकताना यातलं एकही कलम आपल्याला आठवत नाही.

तर त्या दुपारकडे परत येते. खरं म्हणजे अडण्याची ही पहिली वेळ नव्हती. आदल्या संध्याकाळीच एकदा आमचा जीव वर-खाली झाला होता. जुनं सगळं दोन ठिकाणी उतरवून, दोन्हीकडे उघडून तपासून घेतलं होतं. हे आधी, बाकी सगळं नंतर. यात घाई करू नका. मग बसवताना पूर्ण डिस्कला कुलूप घालण्याचा पर्याय निवडला. त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी परवलीच्या शब्दाशिवाय आतलं काही वाचता येत नाही. तो पर्याय निवडल्यावर पट्टी मुंगीच्या पावलानं चालू लागली. तासाभरात जेमतेम थोडी सरकली. "गेला," एक जण म्हणाली. पण पट्टीवरचं वाक्य नीट वाचलं तर कळत होतं की यंत्र डिस्कवरचा जुना मजकूर पुसून त्यावर निरर्थक अक्षरं भरत आहे, म्हणजे मागाहून कुणाला काही खणून काढता येऊ नये. मोठ्या जुन्या डिस्कला हे काम तासन्‌तास लागतं. लॅपटॉप विजेला जोडून ठेवला आणि झोपायला गेलो. सकाळी ते काम झालेलं होतं.

दुपारचं अडणं मात्र वेगळं होतं. आता पट्टी मुळीच हलत नव्हती. बंद करून पुन्हा सुरू करावं, असं चौघींचं मत. तेवढ्यात दारात टेकून बसलेली एक आजी बोलली. ती हंगामात मळणीच्या मशीनवर मजुरीला जाते. "बंद नोको करा जी. आंधी पाहा, मशीन मेली का फसली." फसली म्हणजे अडकली. पट्टा तुटला असेल तर मशीन मेली, ओला पेंढा गेला असेल तर फसली, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. लॅपटॉप म्हणजे काय हे आजीला ठाऊक नाही, पण प्रश्न तिनं बरोबर विचारला होता.

मेलं की फसलं हे बघायची एक सोपी खूण आहे. कॅप्स लॉकचं बटण दाबायचं. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, तर यंत्र जिवंत आहे. दिवा लागला. मग या प्रणालीत आणखी एक खिडकी असते. कंट्रोल, आल्ट आणि एफ४ एकदम दाबलं की पट्टीच्या मागं यंत्र स्वतःशी काय बोलतं आहे त्याची नोंदवही दिसते. आम्ही दाबलं तर काहीच घडलं नाही, नुसता आवाज कमी-जास्त झाला. लॅपटॉपांत या वरच्या ओळीतल्या बटणांना दोन कामं असतात आणि कोपऱ्यातलं एफएन बटणही सोबत दाबावं लागतं, हे कळायला अर्धा तास गेला. हसू नका. तुमचाही जाईल.

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली तेव्हा खोलीत शांतता पसरली. बारावीतल्या एका मुलीला पुढे बसवलं. ती अक्षर-अक्षर लावून वाचू लागली. अर्थ सगळा लागला नाही, पण लागायची गरजही नव्हती. एकाच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि त्याच्यापुढे जोडणी तुटल्याचा शेरा. यंत्र एक वस्तू मागत होतं, ती वाटेत पडत होती, ते पुन्हा मागत होतं. आम्ही घेतलेली फाइल छोटी होती, सातशे एमबीच्या आसपासची. तिच्यात फक्त पाया असतो, वरचं सगळं ती इंटरनेटवरून आणते. आणि आमचं इंटरनेट म्हणजे खिडकीत ठेवलेला एकीचा मोबाइल! कधी दोन कांड्या, कधी एकही नाही. लॅपटॉप निर्दोष होता. दोष खिडकीत होता.

यावर उपाय आहे. मोठी फाइल घ्यायची, पावणेचार-चार जीबीची, जिच्यात बहुतेक सगळं सामान आतच असतं, आणि बसवताना इंटरनेटवरून काही आणू नकोस असं सांगायचं. आमच्यातल्या एकीची लेक भंडाऱ्याला कॉलेजात आहे. तिनं तिकडे ती फाइल उतरवली. उतरलेली फाइल शाबूत आहे का हे बघायला तिचा एक ठसा काढता येतो, चौसष्ट अक्षरांचा. तो डेबियनच्या पानावरच्या ठशाशी जुळला पाहिजे. तिनं आईला फोन लावला आणि एकीनं वाचलं, दुसरीनं तपासलं. ठसा जुळला. फाइल पेन ड्राइव्हवर घालून रविवारी ती करडीला आली.

आणि पुन्हा अडलं! या वेळी सुरुवातीलाच. पेन ड्राइव्हवरून वाचता येत नाही म्हणे.

त्या दिवशी मीच हात टेकले होते, हे कबूल करते. मनात आलं, आपलं काम बायांशी बोलण्याचं. हे कशाला अंगावर घेतलं? पण आता मुली ऐकेनात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिलं होतं. लॅपटॉप तोच, फाइल तपासलेली, मग बदललं काय? पेन ड्राइव्ह तर आधीचीच. आधी चालली, आता का नाही? बसवण्याच्या यादीतच माध्यम तपासण्याचा पर्याय असतो, तो चालवला. फाइलचा काही भाग चुकीचा निघाला. ही पेन ड्राइव्ह कुठल्याशा कार्यक्रमात फुकट मिळालेली. वर सोळा जीबी छापलेलं. प्रत्यक्षात तिच्यात तेवढी जागाच नव्हती! छोटी फाइल मावली म्हणून ती खरी वाटली, मोठी घालताच खोटी ठरली. नवी आणली, अस्सल आठ जीबीची. डिस्क पुसायचं काम एकदा झालेलं होतं, ते या वेळी रद्द केलं. पाऊण तासात लॅपटॉप सुरू झाला आणि परवलीचा शब्द मागू लागला.

मैत्रिणींनो, यात बुद्धीचं फार मोठं काम नव्हतं. धीर लागला, वेळ लागला, आणि बिघडलं तर कुणी ओरडणार नाही ही खात्री लागली. ही शेवटची गोष्ट बायांना मिळत नाही, असं माझं म्हणणं आहे.

यंत्रं आता बायांना मिळतात. शिलाई मशीन मिळतं, मोबाइल मिळतो, योजनेतून लॅपटॉपही मिळतो. पण मिळतो तो वापरायला. उघडायला नाही, बिघडवायला तर नाहीच. घरातला पोरगा रेडिओ खोलून ठेवतो, तर बाप कौतुकानं सांगतो की याचं डोकं मशीनीत चालतं. पोरीच्या हातून कप फुटला तर? "हात आहेत का काय?" पुढे हाच पोरगा मोबाइलच्या दुकानात, पानटपरीशेजारी, तासन्‌तास नुसता उभा राहतो आणि बघून-बघून शिकतो. त्याला कुणी शिकवत नाही. त्याला रिकामा वेळ आहे आणि उभं राहायला जागा आहे. पोरीकडे या दोन्ही गोष्टी नसतात. मग आपण म्हणतो, बायांना तांत्रिक गोष्टींत रस नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. हा आकडा नुसत्या वापराचा आहे. मोडलेलं दुरुस्त करणाऱ्या बाया किती, हे मोजायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

बायांच्या हाती बिघडलेलं यंत्र देऊन वर दोषही त्यांनाच द्यायचा, हे आपण अंगणवाडीच्या मोबाइलमध्ये पाहिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. यंत्रं निकृष्ट, सारखी बंद पडणारी, ॲप इंग्रजीत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मोबाइल नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चालणारा द्या, आमच्या भाषेत द्या, एवढंच होतं. बातम्यांत मात्र सूर असा की बायांना तंत्रज्ञान झेपत नाही.

झेपत नाही? १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा अवाढव्य संगणक जगापुढे आला. त्याच्यासाठी आज्ञावली रचणाऱ्या सहा बाया होत्या: कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती, नुसत्या आराखड्यांवरून त्या ते शिकल्या. सुमारे अठरा हजार नळ्यांतली बिघडलेली नळी नेमकी कोणती, इथपर्यंत त्या माग काढत. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावलं नाही. इतकं लांब जायलाही नको. १९९० च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. बहुतेक जणी दलित, निरक्षर. पाणी भरणं बायांचं काम, पण पंप बिघडला की मेकॅनिक येईपर्यंत वाट पाहायची, ही रीत त्यांनी मोडली. हातात पाने घेतलेल्या बाया बघून गावं हसली होती. त्यांनी पंप चालू केले.

आमच्यातही सगळ्यांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. एका जुन्या कार्यकर्तीचं म्हणणं, आपली ताकद मोर्च्यात आणि चौकीत आहे. बायांचा वेळ आधीच कमी, त्यात ही नवी बिगारी कशाला? तिचं पूर्ण चूक नाही. आमचे दोन रविवार आणि एक दुपार गेली. घरी भाकरी कुणी टाकल्या, याचा हिशोब या लेखात आलेला नाही. दुसरीची तक्रार अशी की सरकारी कामाचे काही प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतात, तेव्हा काय करायचं? ती कामं आम्ही सध्या सेतू केंद्रात करतो, कारण त्यांत बायांची गुपितं नसतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं जुन्या फाइलींचं. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले आमचे जुने अहवाल नव्या प्रणालीत उघडले, तर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. ते एकेक करून बदलून घ्यावे लागतात. विंडोजवर नवीन लॅपटॉप घेतला असता तरी तो फाँट पुन्हा मिळवून बसवावा लागलाच असता, पण हे ऐकून कुणाचं समाधान होत नाही.

परवलीच्या शब्दावरून तर भांडणच झालं. शब्द विसरला तर आतलं सगळं कायमचं गेलं, कुठलंही दुकान ते उघडू शकत नाही. म्हणून एक जण म्हणाली, वहीत लिहून ठेवू. दुसरी म्हणाली, मग कुलूप कशाला घातलं? शेवटी असं ठरलं की शब्द तिघींच्या तोंडी राहील, त्यांतली एक तरी तिशीच्या आतली असेल, आणि एखादी केंद्र सोडून गेली की त्याच आठवड्यात तो बदलायचा. शब्द झाडीबोलीतला आहे. एवढंच सांगते.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी करडीत आम्ही बसतो. त्या बारावीतल्या मुलीनं एक मेलेला लॅपटॉप कुठूनसा मिळवला आहे आणि त्याचे सगळे स्क्रू काढून वाटीत ठेवले आहेत. तो चालू होईल असं तिलाही वाटत नाही. शेजारच्या दोन गावांतले गट पुढच्या वेळी आपापले लॅपटॉप घेऊन येणार आहेत. त्यांना निरोप एवढाच दिला आहे की आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून आणा, आणि पेन ड्राइव्ह फुकटातली आणू नका. ती सोळा जीबीची खोटी पेन ड्राइव्ह आम्ही दाराजवळच्या खिळ्याला दोरा बांधून टांगली आहे. आजी येता-जाता तिला टिचकी मारते.